स्वॅप भरलेला दिसला म्हणून लगेच रॅम मागू नकोस

लिनक्सवर 'फ्री' कमांड चालवलीस की 'फ्री' नावाचा रकाना सोडून दे, 'अव्हेलेबल' बघ. रिकामी रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) फाइल कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फाइल्स हाताशी ठेवायला वापरतो आणि गरज पडली की त्यातली बरीचशी लगेच मोकळी करतो. ८ जीबीच्या सर्व्हरवर फ्री २०० एमबी नि अव्हेलेबल ५ जीबी दिसत असेल, तर रॅमची चिंता नको.

'टॉप' कमांडमधल्या 'व्हर्ट' (VIRT) रकान्याला तर अजिबात दचकू नकोस. तो प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, मागून ठेवलेल्या मेमरीच्या पत्त्यांचा पसारा; जावाची प्रोसेस तिथे रॅमपेक्षाही मोठी दिसू शकते. प्रत्यक्ष रॅममध्ये किती बसलंय ते 'रेस' (RES) सांगतो. मात्र सगळ्यांचे रेस जोडून एकूण काढू नकोस, शेअर्ड पानं (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ते मेमरीचे तुकडे) प्रत्येकाच्या हिशोबात पुन्हा धरली जातात. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ही बेरीज हमखास फसवते.

आता स्वॅप, म्हणजे रॅममधली पानं हलवून ठेवायची डिस्कवरची जागा, आणि हे खरंच नीट समजून घे. भरलेला स्वॅप हा बहुतेकदा जुना हिशोब असतो: कधीतरी ताण आला, न लागणारी पानं डिस्कवर गेली आणि तिथेच राहिली. 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) कमांड लाव आणि मिनिटभर 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) नि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने बघत बस. पहिली ओळ सोड, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते. पुढे शून्यच येत असतील तर २ जीबी स्वॅप भरलेला असला तरी काही बिघडलेलं नाही. दोन्हीकडे सतत मोठे आकडे येत असतील तर मात्र सर्व्हर धापा टाकतोय.

मी एकदा हे न बघताच 'स्वॅपऑफ' देऊन स्वॅप बंद केला होता. पहाटे बॅकअप सुरू झाला, रॅम पुरली नाही आणि ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा भाग) डेटाबेसच मारला.