वहीतलं ते पान

ताई,
माझं वय 48. आई 74 वर्षांची, माळकरी. वडील गेल्यापासून साताऱ्यात माझ्याकडेच असते. चुलीच्या धुरात आयुष्य गेलं, आता सीओपीडी (फुफ्फुसांचा, दम लागण्याचा जुनाट आजार) आहे. जानेवारीत 12 दिवस आयसीयूत होती, त्यातले 7 व्हेंटिलेटरवर. नळी ओढू नये म्हणून हात बांधले होते, गळ्यातली माळही काढून ठेवली होती. घरी आली, पण ऑक्सिजनशिवाय रात्र निघत नाही. डॉक्टर म्हणतात, हे पुन्हा होणार, तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवा. धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, शेवटपर्यंत सगळं करायचं, नळी घातली म्हणूनच आई आज दिसतेय, आणि उपचार थांबवणं धर्मात बसत नाही. आमचं तसंही पटत नाही. आईच्या आयुष्मान कार्डावरून वाद झाला, तो सरकारवर गेला, आणि 2024च्या विधानसभेच्या निकालादिवशी तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला. आईनं माझ्या मुलाकडून (तो दहावीत आहे) त्याच्या वहीत ‘मास्क चालेल, नळी नको, माळ काढू नका’ असं काहीतरी लिहून घेतलंय. मला दाखवायला आली, तर मी म्हटलं, सणावाराचं अभद्र बोलू नकोस. ते असो. भावाला कसं समजावू, एवढंच सांगा.
– एक लेक

तुमचं मूळ पत्र अडीच पानांचं आहे, इथे थोडक्यात दिलं. त्यातली दोन पानं भावाची. आईच्या वाट्याला एक ओळ, आणि त्या ओळीपुढे तुम्ही लिहिलंत, ‘ते असो’.

ते असो कसं? सगळं तिथेच तर आहे. भावाला काय समजावायचं हे मी सांगणार नाही, कारण तुम्हालाच अजून आईचं म्हणणं माहीत नाही. तुम्ही ते ऐकून घेतलेलं नाही.

त्या तीन वाक्यांकडे नीट बघा. मास्क चालेल, नळी नको. म्हणजे नाकातोंडावर घट्ट बसणारा, डॉक्टर ज्याला बायपॅप म्हणतात तो मास्क आणि घशात घातलेली नळी, यातला फरक तिला कळतो. मास्क काढून दोन शब्द बोलता येतात, पाण्याचा घोट घेता येतो. नळी असली की आवाजच बंद. हे तिला कुणी शिकवलं नाही, सात दिवस हात बांधलेल्या अवस्थेत ती ते शिकली. म्हातारं माणूस कंटाळून ‘आता उचल रे देवा’ म्हणतं, तसं हे नाही. काय चालेल आणि काय नको, हे तिनं मोजून सांगितलंय. आणि तुम्ही तिला अभद्र बोलू नकोस म्हणालात.

मला याचा राग येतो, कारण मीही हेच केलं आहे. माझ्या सासूबाई असं काही बोलायला लागल्या की मी ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून विषय बदलायची. त्या थांबल्या. पुढे वेळ आली तेव्हा दवाखान्यात आम्ही चौघं एकमेकांना विचारत उभे, आणि त्यांना काय हवं होतं हे एकालाही सांगता येईना. ते मला अजून विसरता आलेलं नाही.

तुमची आई मात्र थांबली नाही. तुम्ही ऐकेनात, लेकापर्यंत पोहोचता येईना, म्हणून ती नातवाकडे गेली. पंधरा वर्षांच्या मुलाला तिनं आपल्या मरणाबद्दल लिहायला बसवलं, कारण घरातली मोठी माणसं सरकार कुणाचं चांगलं यावर भांडत होती. त्यानं ते लिहिलं, आजीशी वाद घातला नाही. आणि अजूनही ते पान त्याच्याच वहीत आहे, भूमितीच्या प्रमेयांशेजारी. ताई, मला तुमच्यापेक्षा त्या पोराची काळजी जास्त वाटते.

भावाचं राजकारण मी बाजूला ठेवते. एका गोष्टीत तो खरा आहे: जानेवारीत त्या नळीनंच आईला वाचवलं. हे तुम्हाला मान्य करावं लागेल, आणि आईलाही विचारावं लागेल. ‘डॉक्टर म्हणाले, चारच दिवसांचा प्रश्न आहे, निघेल नळी, तर चालेल का? आणि निघायची आशाच नसेल तर?’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीतलं पान तेवढं फोडून सांगत नाही. कदाचित दोन्हीला ती नाही म्हणेल. कदाचित पहिल्याला हो म्हणेल. उत्तर तिचं.

धर्माबद्दलही बोलते, कारण आई माळकरी आहे आणि भावाचा आक्षेप तिला लागत असणार. विनोबांना नोव्हेंबर 1982मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 तारखेला देह ठेवला. कुणी त्यांना अधर्मी म्हटलं का? आणि तुमची आई तर एवढंही मागत नाही. ती मास्क घ्यायला तयार आहे, औषध घ्यायला तयार आहे. तिला माळ गळ्यात हवी आहे आणि हात मोकळे हवे आहेत.

कायदाही आता तिच्या बाजूनं आहे. आपल्याकडे हा विषय निघाला तो केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे. 1973च्या हल्ल्यानंतर त्या 42 वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कडक अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवायला वाट दिली. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी 2023मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्यायची. मत बदललं तर कागद केव्हाही बदलता येतो. 2024मध्ये गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवलं. म्हणजे हे काही चोरून करायचं काम नाही.

भावाला भीती वाटत असेल की एका कागदावर आईचा श्वास तोडतील. तसं होत नाही. आई शुद्धीवर असेल तोवर तिलाच विचारायचं असतं. तिला सांगता येईनासं झालं आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला, तरच कागद उघडतो. मग आधी तीन डॉक्टरांचं मंडळ, त्यानंतर दुसरं मंडळ, दोघांचं एकमत झालं की न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं, आणि त्यानंतरच उपचार थांबतात. सुई टोचून जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे.

म्हणून या रविवारी एकच काम करा. आईची पूजा आटोपली की तिच्याजवळ बसा आणि ते पान तिला मोठ्यानं वाचून दाखवा. मध्ये रडू आलं तर रडा, पण शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. मग विचारा, ‘अजून काय लिहायचं?’ आणि ती बोलेल ते तुमच्या अक्षरात उतरवा. भावाला तिथूनच व्हिडिओ कॉल लावा, फोन आईच्या हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. त्याला जे कळायचं ते तिच्या तोंडून कळू दे. त्याचं नाव कागदात घालायचं की तुमचं, की दोघांचं, हेही तिलाच ठरवू द्या.

साक्षीदार म्हणून तिच्या भजनी मंडळातल्या बायका बोलवा. त्या घाबरणार नाहीत. छातीच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत कागद दाखवा आणि माळ गळ्यात चालत नसेल तर मनगटाला बांधता येईल का, हे तेव्हाच विचारून घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी, आज रात्रीच, मुलाकडून ते पान मागून घ्या. त्याला सांगा की आजीचं हे आता माझ्याकडे राहील, तू अभ्यासाला बस.