भाताचे जीन्स आणि बांगड्याचं युरिक अॅसिड

या वेळी आलेल्या पत्रांत तीन पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येणारी निघाली, खाण्यातल्या डीएनए-आरएनएचं पोटात गेल्यावर होतं काय. म्हणून तिन्ही एकत्रच घेते.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की भातातला आरएनए रक्तात शिरतो आणि लिव्हरला कोलेस्टेरॉल साफ करू देत नाही, चीनमध्ये सिद्ध झालंय म्हणे. सासूबाईंनी तेव्हापासून पेज बंद केलीय, आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांचीच चिडचिड. यात तथ्य किती?
– एक वाचक, मालवण

उत्तर : सासूबाईंना सांगा, खुशाल पेज घ्या. आता का ते सांगते, कारण मेसेज अगदीच हवेतला नाहीये. २०१२ साली नानजिंग विद्यापीठातल्या लोकांनी एक पेपर छापला होता. त्यांचं म्हणणं, भातातला एक मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचा जेमतेम २०-२२ अक्षरांचा तुकडा, चिनी माणसांच्या रक्तात सापडला, आणि उंदरांना तांदूळ खायला घातला तर तोच तुकडा लिव्हरमधलं एक प्रोटीन कमी करतो आणि मग रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. मायक्रोआरएनए ही चीज खरीच आहे, कुठल्या जीनने किती काम करायचं यावर ती लगाम ठेवते, तिच्या शोधासाठी २०२४चं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं. त्यामुळे पेपर आला तेव्हा खळबळ उडणं साहजिक होतं.

पण पुढची गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही ना! २०१३ मध्ये दुसऱ्या टीमने उंदरांवर तसाच प्रयोग करून बघितला. भाताचा तो तुकडा रक्तात-लिव्हरमध्ये नाव घेण्याइतकाही मिळाला नाही. एलडीएल मात्र वाढलं होतं, आणि त्याचं कारण त्यांना असं दिसलं की नुसत्या तांदळावर ठेवलेल्या उंदरांचं पोषणच बिघडलेलं. आता त्या टीममध्ये मोन्सॅन्टो या जीन बदललेलं बियाणं विकणाऱ्या कंपनीची माणसं होती, म्हणजे तुम्हाला शंका येणार, आणि यायलाच हवी. पण जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी माकडांना वनस्पतींचं पेय पाजून बघितलं, त्यांच्याही हाती ठोस काही लागलं नाही. मग २०१७ साली माणसांच्या रक्ताचे वगैरे ८००हून जास्त डेटासेट चाळले गेले, तर परके मायक्रोआरएनए सापडले खरे, पण त्यात जास्त भरणा उंदरांसारख्या प्राण्यांचा! उंदीर कोण खातं? म्हणजे लॅबमध्येच एका नमुन्यातलं दुसऱ्यात मिसळलं असणार.

मुळात भात असो, कोलंबी असो की अळूचं फदफदं, पेशी आल्या की डीएनए-आरएनए आलंच. आपण रोज साधारण ०.१ ते १ ग्रॅम डीएनए गिळतो आणि जन्मभर गिळत आलोय. पोटातलं अॅसिड त्याला खिळखिळं करतं, स्वादुपिंडातून येणारी एन्झाइम्स लहान आतड्यात त्याचे तुकडे पाडतात, मग तुकड्यांचे तुकडे, आणि शेवटी उरतात साखर, फॉस्फेट आणि बेस, म्हणजे डीएनए-आरएनएची सुटी अक्षरं. चिऱ्याचं घर उतरवून चिरे सुटे केले की नुसत्या चिऱ्यावरून घर कोणाचं होतं ते सांगता येतं का, तसंच हे. कोलेस्टेरॉलची काळजीच असेल तर पेजेबरोबर तळलेलं काय काय जातं तिकडे बघा.

प्रश्न : जीन बदललेला भात येतोय म्हणतात. तो खाल्ला तर बदललेला जीन आपल्यात, पोरांत येणार का? आणि आम्ही हायब्रीड लावतो, कलमं लावतो, ती पण तसलीच का?
– एक शेतकरी, लांजा

उत्तर : कलमाचं आधी संपवते. कलम म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्याच्या खुंटावर, त्यात जीन कोणी बदलत नाही. वेंगुर्ल्याचा ‘रत्ना’ आंबा हा नीलम आणि हापूसचा संकर, नेहमीच्या परागीकरणातून केलेला. हायब्रीड बियाणंही संकराचंच.

तुम्ही ऐकलंय ते बहुतेक मे २०२५मध्ये जाहीर झालेल्या दोन वाणांबद्दल. सांबा मसुरीपासून केलेला ‘कमला’ आणि एमटीयू १०१० पासून केलेला ‘पुसा डीएसटी राईस १’. यांत बाहेरचा जीन घातलेला नाही, भाताच्याच एका जीनमध्ये बारीक बदल केलाय. दुसरा वाण खारट जमिनीत तग धरावा म्हणून आहे, म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनीवाल्यांनी लक्ष ठेवण्यासारखा. बीटी वांग्याचं वेगळं होतं, त्यात जीवाणूचा जीन होता आणि २०१०च्या फेब्रुवारीत सरकारने ते थांबवलं.

खाऊन जीन अंगात येतो का? नाही. इंग्लंडमध्ये २००४ साली थेट माणसांवर बघितलंय. ज्यांचं मोठं आतडं ऑपरेशनने काढलेलं अशा सात जणांना जीएम, म्हणजे जीन बदललेला, सोया खायला दिला, तर पोटाला लावलेल्या पिशवीत जमणाऱ्या मळात त्या जीनचा थोडा भाग शिल्लक दिसला. पण आतडी शाबूत असलेल्यांच्या मळात काहीच नाही. म्हणजे थोडंफार निसटतं, पण पुढे तेही संपतं. पोरांत यायचं तर ते बीजपेशीत शिरायला हवं, तो रस्ताच नाही. उलट आतड्यातल्या जीवाणूंची गोष्ट मला जास्त भारी वाटते. जपानी लोक समुद्री शेवाळ खातात, आणि त्यांच्या पोटातल्या काही जीवाणूंकडे शेवाळ पचवायचा जीन समुद्रातल्या जीवाणूंकडून आलेला आहे, हे २०१०मध्ये दाखवलं गेलं. पण तिथेही जीन माणसाच्या पेशीत गेलेला नाहीच. बियाण्याचा हक्क कोणाचा, दर किती, हे प्रश्न मात्र जरूर विचारा, ते मला जास्त खरे वाटतात.

प्रश्न : वय ५४. रात्री अचानक उजव्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला, चादर लागली तरी ओरडायचो. युरिक अॅसिड ८.४ आलं. डॉक्टर म्हणाले मासे कमी करा. हर्णैत राहून मासे कमी कसे करायचे? मित्र म्हणतो माशातल्या डीएनएने होतं. मस्करी करतोय ना?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : मस्करी नाही, मित्र बरोबर बोलतोय. डीएनए-आरएनएच्या बेसपैकी अॅडेनिन आणि ग्वानिन हे प्युरीन. शरीर ते मोडतं आणि शेवटी युरिक अॅसिड बनतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे फोडणारं एन्झाइम आहे, आपल्याकडे त्याचा जीन निकामी झालाय. रक्तात ते साधारण ६.८च्या वर गेलं की सांध्यात सुयांसारखे स्फटिक होऊ शकतात, यालाच गाऊट म्हणतात, आणि अंगठा हा शरीराचा त्यातल्या त्यात थंड भाग म्हणून पहिला फटका बऱ्याचदा तिथेच.

आता माशांचं. बांगडा, तारली, मांदेली यांत प्युरीन भरपूर. सुकटीत आणखी, कारण पाणी उडालं की तेवढ्याच वजनात माल जास्त, म्हणून पावसाळ्यात रोज सोडे नि सुका जवळा चालू असेल तर आधी तो आवरा. कलेजीला रजा. आणि एक गोष्ट लक्षात येत नाही, मासा उकळला की प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणजे फोडी दोनच खाऊन कालवण मात्र वाडगं भरभरून प्यायलात तर काय उपयोग? बियर तर नकोच, माडीही सांभाळून, अल्कोहोलमुळे किडनी युरिक अॅसिड नीट बाहेर टाकत नाही. गोड कोल्ड्रिंकही वाढवतं.

डाळी, पालक यांना लोक उगाच घाबरतात. २००४मध्ये सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षांची पाहणी छापून आली, त्यात मांस-मासळीने गाऊट वाढलेला दिसला, प्युरीनवाल्या भाज्यांनी नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांत तो कमीच होता. तेव्हा ताक प्या.

पण एवढं करूनही आकडा साधारण एकानेच उतरेल, कारण जवळपास दोन तृतीयांश युरिक अॅसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं. त्यामुळे मासे सोडले म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका. अॅलोप्युरिनॉल असेल तर ती युरिक अॅसिड बनवणारं एन्झाइमच अडवते, ते औषध शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांना १९८८ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. कडक उपासही करू नका, त्याने गाऊटचा अॅटॅक येऊ शकतो.

मासे पूर्ण बंद नाही, आठवड्यातून एकदोनदा, वाटा छोटा, असं डॉक्टरांशी ठरवून घ्या. बाकीच्या दिवशी अंडं बिनधास्त खा. कोंबडीचं अंडं म्हणजे जवळजवळ एकच पेशी, पेशी कमी म्हणून डीएनए कमी आणि प्युरीन नावाला.