सात लाख हातात येत नाहीत

प्रश्न: मुलगा 26 वर्षांचा, बी.कॉम. तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय, यश नाही. दिवसभर मित्राच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात असतो. आम्ही खुल्या प्रवर्गातले. पीएमईजीपीतून, म्हणजे नव्या उद्योगाला कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून, पत्नीच्या नावावर गावात 20 लाखांची डाळ मिल टाकायचं ठरवलं आहे. महिलांना 35 टक्के अनुदान मिळतं, म्हणजे सात लाख. त्यातून घराचं कर्ज फिटेल. पत्नी सहावी शिकलेली आहे. एजंट फाइलचे 60 हजार मागतोय. द्यावेत का? – एक पालक

उत्तर: एक रुपयाही देऊ नका. अर्ज पोर्टलवर मोफत भरता येतो आणि या योजनेत कुणी एजंट नेमलेला नसतो.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. डाळ मिल टाकायचं ठरवलं कोणी? मुलाला काय वाटतं, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. पत्नीला विचारल्याचंही दिसत नाही. कर्जाच्या कागदांवर सही तिची, प्रशिक्षणाला जायचं तिने, हप्ता थकला तर नोटीसही तिलाच. शिवाय उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांच्या वर असेल तर अर्जदार आठवी उत्तीर्ण लागतो. त्यामुळे तुमची योजना पहिल्याच पायरीवर अडते. एजंटने हे सांगितलं नसेल, तर त्याला तुमच्या 60 हजारांशीच मतलब आहे.

आता त्या सात लाखांबद्दल. अनुदान कधीच हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जखात्याशी जोडलेल्या मुदत ठेवीत तीन वर्षं राहतं. ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाली, की ती रक्कम कर्जात वळती होते. युनिट बंद पडलेलं आढळलं तर अनुदान परत जाऊ शकतं. म्हणजे 20 लाखांत स्वतःचा एक लाख घालून, अनुदान वजा जाता 12 लाख फेडायचे. 11 टक्के व्याज धरलं तर पाच वर्षं महिन्याला सुमारे 26 हजारांचा हप्ता. यातून घराचं कर्ज कसं फिटणार? उलट दुसरं कर्ज उभं राहील.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर आणखी प्रयत्न करायचे की थांबायचं, हे त्याचं त्यालाच ठरवू द्या.

मुलाची आवड तुम्ही एका ओळीत सांगून टाकलीत: तो रोज रिवाइंडिंगच्या दुकानात असतो. त्याची तयारी असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करू द्या. तिथलं प्रशिक्षण मोफत आणि निवासी असतं. त्यानंतर निदान सहा महिने त्याने त्याच दुकानात पगारावर काम करावं. महिन्याला किती मोटारी येतात, तांब्याच्या तारेत किती पैसे अडकतात, उधारी किती थकते, हे वहीत लिहावं. अर्जासोबतच्या प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशांचा, आकडा याच वहीतून यायला हवा. तयार अहवालातला तो आकडा अंदाजपंचे असतो, आणि सुरू झालेली दुकानं बहुतेक तिथेच बसतात.

मग अर्ज त्याच्या स्वतःच्या नावावर करा. तो खुल्या प्रवर्गातला पुरुष असल्याने चार लाखांच्या प्रकल्पाला त्याचा वाटा 10 टक्के, म्हणजे 40 हजार. ग्रामीण भागात अनुदान 25 टक्के, म्हणजे एक लाख. एवढ्या कर्जाला बँक तारण मागू शकत नाही. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, गाळ्याचं भाडं धरता येतं. योजना फक्त नव्या युनिटसाठी आहे, म्हणून मंजुरीआधी मशीन घेऊन धंदा सुरू करू नका.

मुद्रा कर्जाचा विचार मनात आला तर लक्षात ठेवा, त्यात अनुदान नसतं.

हे पत्र आधी मुलाला आणि त्याच्या आईला वाचायला द्या.