८.८.८.८ ला पिंग होतो, पण नावाने होत नाही : ऑफिसच्या राउटरमध्ये नेमके काय तपासायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसमधल्या कोणत्याही संगणकावरून ८.८.८.८ ला (हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) पिंग केला, म्हणजे ‘आहेस का’ अशी छोटी विचारणा पाठवली, की उत्तर येते, पण गूगल.कॉम असे नाव टाकले की कधी उत्तर येते, कधी ‘होस्ट सापडला नाही’. आतल्या फाइल सर्व्हरचे नावही अधूनमधून लागत नाही. राउटर बंद करून चालू केला की काही वेळ सगळे सुरळीत चालते. तर राउटर बदलावा का?

आत्ताच बदलू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून मला राउटरपेक्षा त्याच्या डीएचसीपीच्या (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर भरलेल्या दोन डीएनएस (नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या) पत्त्यांचा संशय जास्त येतो. तिथे पहिल्या रकान्यात राउटरचा किंवा आतल्या सर्व्हरचा पत्ता आणि दुसऱ्या रकान्यात ‘असू दे’ म्हणून ८.८.८.८ भरलेला असण्याची दाट शक्यता आहे. पण ते उघडण्याआधी पिंग काय सांगतो ते नीट वाचू, कारण बहुतेकांचा वेळ तिथेच वाया जातो.

पिंग आणि नाव शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्हींचा जन्म १९८३ चा. माइक मूस यांनी पिंग लिहिला आणि पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला, तो त्याच वर्षी. पिंग आयसीएमपी (नेटवर्कचे तपासणीचे संदेश नेण्याची पद्धत) वापरतो आणि त्यात पोर्ट, म्हणजे सेवेचा दार क्रमांक, हा प्रकारच नाही. डीएनएस पोर्ट ५३ वर चालतो, बहुतेक वेळा यूडीपीवर आणि उत्तर मोठे असेल तर टीसीपीवर (या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती). म्हणून फायरवॉल एकाला सोडून दुसऱ्याला सहज अडवू शकते. ८.८.८.८ ला पिंग झाला यावरून एवढेच कळते की तुमच्यापासून तिथपर्यंत आयसीएमपीची ये-जा होते. डीएनएस ठीक आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

नावाने पिंग केल्यावर पहिली ओळ पाहा. ‘पिंगिंग गूगल.कॉम’ च्या पुढे चौकटी कंसात आकड्यांचा पत्ता आला असेल, तर नाव सापडले. त्यानंतर उत्तर आले नाही तरी दोष डीएनएसचा नाही. पत्ता आलाच नाही आणि ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ आले, तर आयसीएमपीचे पाकीट संगणकातून बाहेर पडलेलेच नसते. अशा वेळी केबल, स्विच किंवा इंटरनेटचा वेग तपासत बसण्यात अर्थ नाही.

बाकीचे संदेशही बोलके असतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे पाकीट गेले, पण उत्तर परत आले नाही. समोरच्या संगणकाची फायरवॉल गप्प बसली असेल तरी हेच दिसते. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेला पिंग बहुतेक वेळा मुळातच अडवते, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा संगणक पिंगला उत्तर देत नाही म्हणजे तो नेटवर्कवर नाही असे धरू नका. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आले तर ते कोणी पाठवले ते वाचा. पाठवणारा पत्ता तुमच्याच संगणकाचा असेल तर त्याच नेटवर्कवर समोरच्याचा हार्डवेअर पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे यंत्र बंद आहे, केबल निघाली आहे किंवा आयपी चुकीचा आहे. पाठवणारा पत्ता राउटरचा असेल तर राउटरलाच पुढची वाट माहीत नाही किंवा पुढचे यंत्र त्याला सापडत नाही.

आता मुख्य तपासणी. बिघाड चालू असतानाच करा, राउटर रीस्टार्ट करण्याआधी. रीस्टार्ट केला की पुरावा जातो.

आधी कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग /ऑल चालवा आणि तीन ओळी लिहून घ्या: डिफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर आणि डीएनएस सर्व्हर्स. डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता तुमच्या राउटरचा (किंवा तुम्हीच त्या कामाला लावलेल्या आतल्या सर्व्हरचा) नसेल तर लगेच थांबा. बहुधा कोणीतरी वायफायसाठी दुसरा छोटा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये ऑफिसची केबल लावली आहे आणि तो स्वतःचे पत्ते वाटतो आहे. हा प्रकार ऑफिसांमध्ये फार दिसतो, आणि त्याचे लक्षण तुमच्यासारखेच ‘कधी चालते, कधी नाही’ असे असते, कारण ज्या संगणकाला ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता तो घेतो. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून काहीच मिळालेले नाही. मग डीएनएसचा विषय नंतरचा.

हे ठीक असेल तर एनएसलुकअप या कमांडने एकच नाव वेगवेगळ्या सर्व्हरना विचारा. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ धरला तर आधी ‘एनएसलुकअप गूगल.कॉम. १९२.१६८.१.१’ आणि मग ‘एनएसलुकअप गूगल.कॉम. ८.८.८.८’. नावाच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर विंडोज मागे ऑफिसचे डोमेन जोडून भलतेच नाव विचारू शकते. राउटरकडून टाइमआउट आणि ८.८.८.८ कडून उत्तर आले, तर राउटरमधला डीएनएस पुढे पाठवणारा भाग अडकला आहे किंवा त्याला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला डीएनएस सर्व्हर आजारी आहे. दोन्हीकडून टाइमआउट आणि तरी आकड्याला पिंग होतो, तर पोर्ट ५३ कुठेतरी अडते आहे. फायरवॉलचे नियम पाहा. काही राउटर पोर्ट ५३ ची सगळी विचारणा परस्पर स्वतःकडे वळवतात. तशी सोय चालू असेल तर ८.८.८.८ च्या नावाने उत्तर राउटरच देत असतो आणि ही तुलना फसते. म्हणून सेटिंगमध्ये ती आहे का, ते आधी बघून घ्या.

एनएसलुकअप थेट सर्व्हरशी बोलतो. पिंग मात्र आधी संगणकातली होस्ट्स फाइल (हाताने लिहिलेली नावे-पत्त्यांची यादी) आणि साठवलेली उत्तरे पाहतो. त्यामुळे एनएसलुकअपला बरोबर पत्ता मिळतो आणि पिंगला नाही, असे झाले तर बिघाड त्या एका संगणकात आहे. आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवा आणि होस्ट्स फाइलमध्ये कोणी जुनी ओळ लिहून ठेवली आहे का ते बघा. ब्राउझर चालतो पण पिंगला नाव सापडत नाही, हेही होते. आजचे ब्राउझर डीएनएसची विचारणा एचटीटीपीएसमधून परस्पर बाहेर पाठवू शकतात, तुमच्या राउटरला न विचारता. त्यामुळे ‘साइट उघडते म्हणजे डीएनएस ठीक आहे’ हा निष्कर्ष काढू नका.

आता त्या दोन रकान्यांकडे येऊ. पहिल्या सर्व्हरला नाव माहीत नसेल तर संगणक दुसऱ्याला विचारेल, असा समज सर्वत्र आहे, आणि तो चुकीचा आहे. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेही एक पूर्ण उत्तरच असते. ते मिळाले की शोध तिथेच संपतो. दुसऱ्या सर्व्हरचा नंबर लागतो तो पहिला वेळेत काहीच बोलला नाही तर. शिवाय विंडोज एकदा दुसऱ्याकडे गेले की काही वेळ त्यालाच चिकटून राहते.

तुमच्या ऑफिसात याचा परिणाम असा होतो. राउटर क्षणभर गुंतला आणि उत्तर द्यायला उशीर झाला. संगणक ८.८.८.८ कडे गेला. त्याने गूगल.कॉम व्यवस्थित सांगितले, पण फाइल सर्व्हरचे नाव बाहेरच्या जगात कोणालाच माहीत नाही, म्हणून त्याने ‘नाही’ म्हणून सांगितले. विंडोजने तो नकारही थोडा वेळ लक्षात ठेवला. थोड्या वेळाने संगणक परत राउटरकडे आला आणि फाइल सर्व्हर ‘आपोआप’ दिसू लागला. तुमच्या वर्णनातला ‘अधूनमधून’ हा शब्द मला नेमका इथेच बसताना दिसतो.

उपाय असा: डीएचसीपीने वाटल्या जाणाऱ्या डीएनएस पत्त्यांमध्ये फक्त तेच सर्व्हर ठेवा ज्यांना आतली नावे माहीत आहेत. आत विंडोज डोमेनचा सर्व्हर असेल तर संगणकांना फक्त त्याचाच पत्ता द्या, आणि त्या सर्व्हरमध्ये फॉरवर्डर (त्याला माहीत नसलेली नावे ज्याला विचारायची तो सर्व्हर) म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. तसा सर्व्हर नसेल तर फक्त राउटरचा पत्ता द्या, फाइल सर्व्हरसाठी डीएचसीपीत आयपी राखून ठेवा आणि राउटरच्या स्थानिक नावांच्या यादीत त्याची नोंद करा. सार्वजनिक सर्व्हर राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, बाजूला भरायचे, संगणकांना वाटायचे नाहीत. एक सर्व्हर बंद पडला तर काय, ही भीती रास्त आहे. मग दुसरा सर्व्हरही आतलाच हवा, तीच नावे जाणणारा.

बदल केल्यावर लगेच फरक दिसला नाही म्हणून सेटिंग परत फिरवू नका. संगणकांकडे जुने पत्ते लीजचे (डीएचसीपीने पत्ता दिलेल्या मुदतीचे) नूतनीकरण होईपर्यंत राहतात. प्रत्येकावर आयपीकॉन्फिग /रिन्यू चालवा किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. ज्यांच्यात डीएनएस हाताने भरला आहे, तिथे हाताने काढावाच लागेल. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) विसरू नका. राउटर त्या बाजूनेही डीएनएसचा पत्ता जाहीर करू शकतो, आणि आयपीकॉन्फिगमध्ये एफई८० ने सुरू होणारा किंवा दुसरा लांबलचक पत्ता दिसला तर तुम्ही बंद केलेले दार तिथून उघडेच राहते.

एवढे करूनही राउटर रीस्टार्ट करावाच लागत असेल, तर बाहेरची नावेही का अडतात ते राउटरमध्येच शोधायला हवे. राउटरच्या पानावर चालू सेशन (जोडण्या) किती आणि मर्यादा किती ते बघा. प्रत्येक डीएनएस विचारणाही नॅटच्या तक्त्यात (कोणत्या संगणकाची कोणती जोडणी बाहेर गेली याच्या राउटरमधल्या नोंदीत) एक जागा घेते, आणि एखादा संसर्ग झालेला संगणक किंवा टॉरंट तो तक्ता भरून टाकू शकतो. मग चालू असलेली जोडणी चालते आणि नवी होत नाही. अनेक राउटरमध्ये डीएनएसमास्क हा प्रोग्राम नावांचे काम बघतो. तो एका वेळी मुळात १५० विचारणाच पुढे पाठवून उत्तराची वाट पाहतो. लॉगमध्ये ‘मॅक्सिमम नंबर ऑफ कन्करंट डीएनएस क्वेरीज’ अशी ओळ दिसली तर वरचा सर्व्हर हळू आहे किंवा आतले कोणीतरी विचारणांचा भडिमार करते आहे. मर्यादा वाढवण्याआधी तो संगणक शोधा.

राउटरची वेळही पाहून घ्या. डीएनएससेकची (डीएनएसचे उत्तर खरे आहे का हे सहीवरून पाहणारी) तपासणी चालू असेल आणि घड्याळ चुकले असेल तर योग्य उत्तरेही नाकारली जातात. आतल्या सर्व्हरचे नाव सार्वजनिक डीएनएसमध्ये नोंदवून त्यापुढे १९२.१६८ चा पत्ता दिला असेल, तर राउटरमधले रीबाइंडिंगविरुद्धचे संरक्षण (बाहेरच्या डीएनएसने आतला पत्ता सांगू नये म्हणून असलेली सोय) ते उत्तर गाळून टाकते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीमध्ये हे संरक्षण मुळातच चालू असते, तिथे फक्त त्या डोमेनला सूट द्या.

नाव लागते, लहान पिंगही होतो, पण काही साइट अर्धवट उघडून थांबतात, असे असेल तर तो बहुधा डीएनएसचा नव्हे, एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) विषय आहे. पीपीपीओई (नाव आणि पासवर्ड देऊन लागणाऱ्या इंटरनेट) जोडणीत एमटीयू सहसा १४९२ असतो. ‘पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८’ करून पाहा. १४६४ मध्ये मथळ्याचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. विंडोजने पाकीट तोडावे लागेल म्हणून कुरकूर केली तर आकडा कमी करत जा आणि जिथे ती थांबते त्यात २८ मिळवून तो एमटीयू राउटरच्या वॅनमध्ये भरा.

पुढच्या वेळी बिघाड दिसला की आयपीकॉन्फिग /ऑल मधल्या त्या तीन ओळी आणि दोन्ही एनएसलुकअपची उत्तरे इथे टाका. ऑफिसचा सार्वजनिक आयपी आणि डोमेनचे नाव तेवढे झाका. त्यावरून राउटर बदलायचा की रकाना रिकामा करायचा ते नक्की सांगता येईल.