वाचकांचे प्रश्न : ‘स्टार ट्रेक’मधल्या गफलती

प्रश्न : मूळ ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या टीव्ही मालिकेच्या पहिल्या भागात जहाजाचा डॉक्टर मॅकॉय आहे, तिसऱ्यात पायपर नावाचा भलताच डॉक्टर, पुढे परत मॅकॉय. मध्येच बदली झाली होती का? (एक वाचक, फोंडा)

बदली नाही, क्रमाचा घोळ. तुमचा तिसरा भाग म्हणजे १९६५मध्ये चित्रित झालेला दुसरा पायलट, म्हणजे मालिका मंजूर होण्याआधी केलेला नमुना भाग. तेव्हा मॅकॉय हे पात्रच नव्हतं. मालिका सुरू झाली ती ८ सप्टेंबर १९६६ला, नंतर चित्रित केलेल्या भागाने, आणि पायलट लागला २२ सप्टेंबरला. कप्तान कर्कच्या नोंदीतला स्टारडेट, म्हणजे मालिकेतली तारीख, ऐका : पायलटमध्ये १३१२.४, पहिल्या भागात १५१३.१. त्याचा सहकारी स्पॉक, त्याचा सदराही पायलटमध्ये निळा नाही, पिवळसर आहे. मात्र सगळीकडे स्टारडेटवर विसंबू नका, पुढे ते वाटेल तसे मागेपुढे होतात. आणि त्याच पायलटमध्ये कर्कच्या थडग्यावर ‘जेम्स आर. कर्क’ कोरलंय, ते कुठल्याही क्रमाने पाहिलं तरी चूकच. पुढे तो कायम ‘जेम्स टी.’ आहे.

प्रश्न : नंतरच्या मालिकेतल्या ‘व्हॉयेजर’ या जहाजाला घरी परतताना ७०,००० प्रकाशवर्षं कापायला ७५ वर्षं लागणार म्हणतात. मग कर्कचं जुनं जहाज कुठेही चटकन कसं पोचायचं? (एक वाचक, मडगाव)

ही फट खरी आहे. ७०,००० भागिले ७५, म्हणजे व्हॉयेजरची सरासरी प्रकाशाच्या साधारण ९३३ पट. आता १९६९चा ‘दॅट विच सर्व्हाइव्ह्ज’ हा भाग घ्या. एंटरप्राइझ (कर्कचं जहाज) ९९०.७ प्रकाशवर्षं दूर फेकली जाते आणि वॉर्प ८.४ने (वॉर्प म्हणजे प्रकाशाहून जास्त वेग मोजायचा आकडा) परतायला तिला जेमतेम सव्वाअकरा तास लागतील असं स्पॉक सांगतो. जुन्या मालिकेसाठी वॉर्पच्या आकड्याचा घन केला की वेग प्रकाशाच्या तितके पट, असं धरतात. ८.४चा घन सुमारे ५९३. त्या वेगाने हेच अंतर कापायला वीस महिने हवेत! उलट स्पॉकचा हिशेब खरा मानला तर दिवसाला सुमारे २,१०० प्रकाशवर्षं होतात आणि व्हॉयेजरचा प्रवास ३३-३४ दिवसांत आटोपतो. व्हॉयेजरची कप्तान जेनवे चवथीला निघाली असती तर दसऱ्याला घरी.

१९८७च्या मालिकेपासून वॉर्पची श्रेणी बदलली, तिथे १० म्हणजे अनंत वेग, असा खुलासा काही जण करतात. तो इथे लागू पडत नाही. अंतर आणि तास दोन्ही त्याच भागात दिलेत. श्रेणी कुठलीही असो, भागाकार तोच येतो. लेखकाने ‘९९०.७’ऐवजी नुसतं ‘फार दूर’ म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

प्रश्न : क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीतल्या जुन्या मालिकेतल्यांचं कपाळ सपाट, नंतरच्यांचं उंचवट्यांचं. असं का? (एक वाचक, डिचोली)

पडद्यामागचं कारण रंगभूषा आणि पैसा. उंचवटे आले ते १९७९च्या चित्रपटात. १९९६मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत वर्फ या क्लिंगॉनला हेच विचारलं, तेव्हा परक्यांपाशी हा विषय काढत नाही म्हणून त्याने उडवून लावलं. झकास उत्तर होतं, तिथेच थांबायला हवं होतं. २००५मध्ये ‘एंटरप्राइझ’ नावाच्या मालिकेने दोन भाग खर्चून मानवी जनुकांचा प्रयोग, त्यातून पसरलेला विषाणू आणि त्याने सपाट झालेली कपाळं अशी कथा रचली. पण कोर, कांग आणि कोलोथ हे तिघे क्लिंगॉन जुन्या मालिकेत सपाट कपाळाचे, आणि १९९४च्या ‘डीप स्पेस नाइन’मध्ये तेच नट उंचवटे लावून आलेत. त्यांची कपाळं परत कशी उगवली, ते मात्र कुणी नीट दाखवलेलं नाही.