टीव्हीवरचे भावोजी पडले, मग माझी जाऊ कशी निवडून येणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली. माझी धाकटी जाऊ गेली सहा-सात वर्षं गणपतीत, नवरात्रात, हळदीकुंकवाला पैठणीच्या खेळाचं निवेदन करते. चिपळूण, खेड, दापोलीपर्यंत तिला बोलावणं असतं, लोकल केबलवर पण दिसते. माईक हातात आला की ती वेगळीच होते. आता एका पक्षाची माणसं घरी येऊन गेली, पंचायत समितीला उभ्या राहा म्हणाली. सासूबाई म्हणतात, अगो ते टीव्हीवरचे भावोजी एवढे घराघरात पोचलेले, ते पण पडले, तुला कोण विचारतंय. मला तिच्या पाठीशी उभं राहायचंय पण सासूबाईंना सांगायला मुद्दा नाही. भावोजींचं नेमकं झालं काय होतं? आणि ते मंत्री पण होते ना?
– एक वाचक, गुहागर (नाव नको म्हणाल्या म्हणून देत नाही)

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जावेसाठी जाऊ पत्र लिहिते हेच मला एवढं आवडलं की बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहायला बसलेय.

सासूबाई म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. टीव्हीवरचे भावोजी म्हणजे आदेश बांदेकर, ते 2009 च्या ऑक्टोबरात विधानसभेला माहीममधून शिवसेनेच्या तिकिटावर उभे होते आणि हरले, नुसते हरले नाहीत तर तिसऱ्या नंबरवर गेले. पण ती निवडणूक कसली होती ते बघा. मनसे निघाली मार्च 2006 मध्ये, ही त्यांची पहिलीच विधानसभा आणि पहिल्याच फटक्यात 13 आमदार आले. दादर-माहीम म्हणजे शिवाजी पार्क, सेना भवन, सगळं तिथेच, आणि नेमकी तिथेच मराठी मतं फुटली. निवडून आले मनसेचे नितीन सरदेसाई. दुसऱ्या नंबरवर सदा सरवणकर, जे त्याआधी सेनेचेच आमदार होते, तिकीट बांदेकरांना गेलं म्हणून ते काँग्रेसकडून उभे राहिले. म्हणजे मुळात एकाच अंगणातली तिघं जणं एकमेकांसमोर. शेजारच्या शिवडीतही, जिथे लालबाग-परळला आपल्या कोकणातली घरटी माणसं आहेत, तिथे पण मनसेचेच बाळा नांदगावकर आले. तेव्हा टीव्हीवाला म्हणून लोकांनी पाडला असा अर्थ त्यातून काढू नका, त्या लाटेत तिथे सेनेचा कोणीही उभा असता तरी घाम फुटला असता.

आता मंत्रीपदाचं. ते मंत्री कधीच नव्हते, आमदार पण नव्हते. 2017 मध्ये सरकारने त्यांना प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाचं अध्यक्ष केलं. या न्यासाचा 1980 चा वेगळा कायदाच आहे आणि अध्यक्ष, विश्वस्त राज्य सरकार नेमतं, तिथे निवडणूक नसते. मग 2018 मध्ये त्यांना राज्यमंत्रीपदाचा दर्जा मिळाला. दर्जा म्हणजे मान आणि सोयी, खातं नाही, मंत्रिमंडळात खुर्ची नाही. खूप जणांचा इथे गोंधळ होतो, आमच्या शेजारच्या काकूंचा अजून आहे. 2022 ला शिवसेना फुटली तेव्हा ते उद्धव ठाकरेंबरोबर राहिले आणि 2023 मध्ये न्यासाचं अध्यक्षपद गेलं सदा सरवणकरांकडे, हो तेच, 2009 चे दुसऱ्या नंबरवाले. आणि 2024 ला माहीममध्ये परत तिरंगी झाली, तेव्हा सरवणकर पण हरले, ठाकरेंच्या शिवसेनेचे महेश सावंत आले. राजकारणात हे असं फिरत राहतं, एका निकालावरून माणसाची किंमत ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. बांदेकर आधी सह्याद्रीवर 'ताक धिना धिन' करायचे, तेव्हाच त्यांचा आवाज ओळखीचा झाला होता, आणि सप्टेंबर 2004 ला 'होम मिनिस्टर' हा त्यांचा टीव्हीवरचा पैठणीचा खेळ सुरू झाला. तुम्हाला आठवतं का, संध्याकाळी देवासमोर दिवा लावायची वेळ आणि तीच वेळ त्यांची. आमच्या काकू भाताखालचा गॅस बारीक करून हातात उलथनं तसंच धरून दारात उभ्या राहायच्या, बसायच्या नाहीत, कारण बसलं तर कोणी म्हणेल टीव्ही बघत बसली. आणि तिथे पडद्यावर कोणीतरी अशीच बाई, ओट्यापाशी आयुष्य गेलेली, तिला हा माणूस वहिनी म्हणून विचारतोय तुम्ही काय शिकलात, लग्न कसं जमलं, नोकरी का सोडली. नवरा बाजूला कोपऱ्यात उभा, सासू कौतुकाने बघतेय आणि ती बाई आधी लाजते, पदर सारखा करते, मग एकदा बोलायला लागली की थांबत नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, मला असं कोणी कधी विचारलंच नाही गो. हे वाक्य मी विसरू शकत नाही. पैठणी शेवटी यायची, पण काकू थांबायच्या त्या प्रश्नांसाठी. 2022 ला 11 लाखांची पैठणी ठेवली होती 'महामिनिस्टर'मध्ये आणि ती आपल्या रत्नागिरीच्या वहिनींनी जिंकली तेव्हा सगळीकडे त्या 11 लाखांचीच चर्चा, काकू मात्र विचारत होत्या ती बोलली काय ते सांग.

आणि बघा, भावोजी आमदार झाले नाहीत पण त्यांचा खेळ राजकारणात केव्हाचाच पोचला. आज कोकणात कुठलाही पक्ष घ्या, निवडणूक जवळ आली की हळदीकुंकू आणि पैठणीचा खेळ ठेवतात, मंडप घालतात, बॅनरवर साहेबांचा फोटो मोठा आणि वहिनींची गर्दी समोर. तुमची जाऊ नेमकी त्याच स्टेजवर उभी असते. एवढी वर्षं ती दुसऱ्याच्या बॅनरखाली बायकांना बोलतं करतेय, आता स्वतःसाठी करायला काय हरकत आहे? मला तर वाटतं पक्षाची माणसं घरी आली ती हेच बघून आली. पण त्यांना तिची गर्दी हवीय की ती हवीय, हे पहिल्या बैठकीतच विचारून घ्या, स्पष्ट. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायत राजमध्ये निम्म्या जागा बायकांच्या, तेव्हा नाव बाईचं आणि कारभार दुसऱ्याचा हे आपण गावोगाव बघतोच.

सासूबाईंना अजून एक नाव सांगा, स्मृती इराणी. त्या पण घराघरातल्याच, सिरीयलमधल्या. 2003 मध्ये भाजपमध्ये गेल्या, 2004 ला दिल्लीत चांदनी चौकात हरल्या, 2014 ला अमेठीत राहुल गांधींसमोर हरल्या, पण मग पाच वर्षं अमेठीला जात राहिल्या आणि 2019 ला त्याच राहुल गांधींना 55 हजारांनी हरवलं. 2024 ला परत तिथेच दीड लाखाहून जास्त मतांनी हरल्या. म्हणजे चेहरा प्रत्येक वेळी तोच होता, निकाल वेगळा आला.

आता कामाचं बोलू. गणात, म्हणजे पंचायत समितीच्या तुमच्या मतदारसंघात, किती वाड्या आहेत, कुठल्या वाडीत कुणाची भावकी मोठी, गावकीत कोणाचा शब्द चालतो, हे तुमच्या नवऱ्यांना माहिती असणार, ते लिहून काढा. राखीव जागा असेल तर जातपडताळणीचं आजच बघा, त्यात फार वेळ जातो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर उभं राहता येत नाही, हे पण तपासा. आचारसंहिता लागली की पैठणीचे, बक्षिसांचे कार्यक्रम लगेच बंद करायचे, कोणी कितीही म्हणाला चालतंय तरी, नाहीतर त्या पैठणीसाठीच तक्रार होईल.

आणि तिची ती वही असेल ना, खेळाला आलेल्या बायकांची नावं लिहिते ती? निवेदन करणाऱ्या सगळ्यांकडे असते. ती वही आणि मतदार यादी शेजारी शेजारी घेऊन बसा एका दुपारी. तुम्हाला दिसेल की लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुना यादीत नाहीतच, त्यांची नावं अजून माहेरच्या गावात आहेत. स्टेजवर ज्यांना आपण वहिनी वहिनी म्हणतो त्यांना इथे मतच नाही. विधानसभेची यादी असते तीच वाटून पंचायत समितीला वापरतात, म्हणून नाव आधी तिथे हलवावं लागतं, त्याला 8 नंबरचा फॉर्म, आणि कुठेच नाव नसेल तर 6 नंबरचा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, बहुतेक ठिकाणी शाळेतल्या बाई नाहीतर अंगणवाडी सेविका असतात, त्यांना भेटा. निवडणूक लागायच्या आधी करा, यादी एकदा कायम झाली की मग काही होत नाही. आणि हे करताना कोण आपल्याला मत देईल कोण नाही ते बघू नका, वाडीतल्या सगळ्याच सुनांचं करा, तुमच्या सासूबाईंना पण बरोबर न्या, त्यांना प्रत्येक सुनेचं माहेर तोंडपाठ असणार.