धान्याला सूट, तरी पावाची टंचाई का?

प्रश्न : रशियावरील आर्थिक निर्बंधांतून अन्नधान्य वगळलेले असते, असे सांगितले जाते, मग युक्रेनमधील युद्धाने लेबनॉनमध्ये पावाची टंचाई का झाली?

उत्तर : कागदावर सूट असली, तरी बँका रशियाशी संबंधित व्यवहार करण्यास आणि विमा कंपन्या काळ्या समुद्रातील जहाजांची जोखीम घेण्यास कचरतात, त्यामुळे धान्य महागते. लेबनॉन बहुतांश गहू युक्रेनमधून आणत असे. त्यातच ऑगस्ट २०२० मधील स्फोटात बैरूत बंदरातील सुमारे १,२०,००० टन क्षमतेची कोठारे उद्ध्वस्त झाल्याने, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनची बंदरे बंद पडली तेव्हा मोठा साठा ठेवण्याची सोयच उरली नव्हती. माझ्या मते याहून गंभीर दुखणे परकीय चलनाच्या टंचाईचे होते. लेबनॉनचे चलन, लेबनीज पाउंड, आधीच कोसळले होते, आणि अखेर गव्हाच्या आयातीसाठी जागतिक बँकेकडून १५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले.